किडन्यांचं साटंलोटं

माझ्या नवऱ्याच्या पोटात तीन किडन्या आहेत आणि त्यांतली एकही माझी नाही. हे सांगितलं की लोकांना आधी तीनचा धक्का बसतो. जुन्या दोन्ही जागच्या जागी ठेवतात, काढत नाहीत, नवी पुढून उजव्या बाजूला खाली बसवतात, हे समजावून झालं की मग त्यांना दुसरा प्रश्न सुचतो. "पण दिली तर तुम्हीच होती ना?" हो, मीच दिली होती. ती निघोज्याला गेली.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. गाड्यांचे सुटे भाग दिवसभर गेजमध्ये घालून बघते. बसला तर ओके, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. या कामाने माझा स्वभाव बिघडला असं घरचे म्हणतात. माझं म्हणणं, स्वभाव असा होता म्हणूनच काम टिकलं. नवरा महाळुंग्यातल्या दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्सला. राहायला आम्ही सांगवीत, आणि सोबत सासूबाई. त्या परभणीकडच्या. सासरे गेल्यावर गावचं घर बंद करून एकुलत्या एका मुलाकडे आल्या, त्याला बरीच वर्षं झाली, पण बोली अजून तिकडचीच आहे.

नवऱ्याचं बीपी कंपनीच्या तपासणीत दरवर्षी जास्त यायचं. दरवर्षी तो "शिफ्टमुळे असेल" म्हणायचा आणि कागद कपाटात टाकायचा. मीही तो कागद कधी उघडून पाहिला नाही. दुसऱ्याच्या मालातली केसाएवढी चीर मला दिसते, आणि घरातला माणूस पाय सुजले म्हणून एक नंबर मोठी चप्पल घेऊन येतो, तेव्हा मी म्हणते, रंग चांगला आहे. याचा मला अजूनही स्वतःचाच राग येतो. कळलं तोवर दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, एका वेळी चार तास. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या अंगात त्राण नसायचं. यंत्राचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस शर्टाची बटणं लावताना दमायचा.

हॉस्पिटल चिंचवडला. तिथे प्रत्यारोपणाचं सगळं बघणारी एक समन्वयक बाई होती, माझ्याहून लहान, पण सांगायची पद्धत छान. तिच्या टेबलामागे माणसाचं चित्र टांगलेलं, आतले अवयव वेगवेगळ्या रंगांत. सासूबाई त्या चित्रासमोर उभ्या राहून एकेकावर बोट ठेवत विचारत सुटल्या, हे बदलता येतं का, हे येतं का. बाईने कंटाळा न करता सांगितलं. जिवंत माणूस एक किडनी देऊ शकतो, यकृताचा तुकडा देऊ शकतो, कारण यकृत पुन्हा वाढतं. हृदय आणि फुप्फुसं मेंदू मृत झालेल्या माणसाकडून मिळतात, तेही घरच्यांनी होकार दिला तर. डोळे आणि कातडी मात्र मरणानंतरही काही तासांत घेता येतात. सासूबाईंनी तिथल्या तिथे डोळ्यांचा फॉर्म भरायला लावला. त्यांना मोतीबिंदू आहे, तरी चालतं, हे मलाही नवीनच होतं. "पोराला उपेग न्हाई तर न्हाई, कुनाला तरी व्हईल," म्हणाल्या, आणि फॉर्मवर अंगठा उठवला.

किडनीसाठी आमच्यापुढे वाटा फार नव्हत्या. घरच्या कुणी द्यायची, तर सासूबाईंना साखर, त्या बाद. मी तयार होते, पण माझा रक्तगट ए आणि त्याचा बी. गट जुळत नसतानाही बसवता येते, आधी रक्तातली विरोध करणारी द्रव्यं काढून टाकतात. पण त्याच्या रक्तात ती इतकी निघाली की डॉक्टरांनी नको म्हटलं. मेंदूमृत दात्याची वाट बघायची, तर त्या यादीत नाव लावलं. यादी किती मोठी आहे हे बाईने सांगितलं तेव्हा नवरा खिडकीबाहेर पार्किंगकडे बघायला लागला. मग ती म्हणाली, "अजून एक आहे. स्वॅप."

चाकणजवळच्या निघोजे गावचं एक जोडपं होतं. तिथेही नवराच आजारी. त्याचा गट ए, बायकोचा बी. तिची किडनी माझ्या नवऱ्याला, माझी तिच्या नवऱ्याला. चारही ऑपरेशनं एकाच दिवशी, एकाच वेळी सुरू करायची, म्हणजे एकाचं झालं आणि दुसऱ्याने माघार घेतली, असं होत नाही.

"म्हंजी साटंलोटं," सासूबाई म्हणाल्या.

समन्वयक बाईला शब्द कळला नाही. मी सांगितलं, एका घरातले भाऊबहीण आणि दुसऱ्या घरातले भाऊबहीण, त्यांची एकमेकांशी लग्नं लावतात. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे, बऱ्याचदा एकाच मांडवात. बाईला ते फारच आवडलं. "अगदी तसंच, आजी!" म्हणाली.

आजींना मात्र ते आवडलेलं नव्हतं. रिक्षात त्यांनी सांगितलं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं लग्न साटंलोट्यातलं. बहीण सासरी सुखात होती. पण बदल्यात या घरात आलेल्या मुलीचं पटलं नाही, तिला माहेरी धाडलं, आणि आठ दिवसांत त्यांची बहीणही ट्रंक घेऊन दारात उभी राहिली. "तिची काय चूक होती गं? काईच न्हाई. एक परत आली की दुसरी परत. तुझी किडनी तिकडं चालली न्हाई, तर ती मान्सं माझ्या लेकराचं चांगलं चितीतील का?"

"आई, किडनी परत मागता येत नाही."

"ते मला बी कळतंय. पर मन फिरतंय की मानसाचं."

मला दुसराच राग होता. दोन्ही पेशंट पुरुष आणि देणाऱ्या दोन्ही बायका. समन्वयक बाईला विचारलं होतं, तर म्हणाली, बहुतेक असंच असतं. साटंलोट्यातसुद्धा देवघेव होते ती बायकांचीच. घरी हे मी चांगलं मोठ्याने बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, "नको देऊ मग." चिडून नाही, नुसतं म्हणाला. मी म्हटलं, "देते म्हटलंय ना. बोलू पण नको का?"

खरं म्हणजे मी बिथरले होते ती वेगळ्याच कारणाने. नवऱ्याला द्यायची तेव्हा मी एका मिनिटाचाही विचार केला नव्हता. परक्या माणसाला द्यायची म्हटल्यावर मात्र डोक्यात नाही नाही ते यायचं. तो पीत असेल का? गोळ्या वेळेवर घेईल का? माझ्या नवऱ्याचं जगणं आता आम्हा चौघांच्या शब्दावर अवलंबून होतं, आणि चौघांपैकी दोघांचा चेहराही मी पाहिला नव्हता. त्यांनी नको म्हटलं तर आमच्याकडे ती लांबलचक यादी होती, दुसरं काही नाही.

भेट हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये झाली. ते निघोज्यातलं जुनं घराणं. जमिनीचा मोठा तुकडा एमआयडीसीत गेलेला, उरलेल्यावर कंपनी कामगारांसाठी खोल्या बांधलेल्या. दादा, म्हणजे त्यांच्यातले पेशंट, एके काळी दांडगे असणार, कारण शर्ट अंगावर लोंबत होता आणि मिशा चेहऱ्याला मोठ्या झाल्या होत्या. त्यांची बायको, ताई, बोलक्या. त्यांनी आल्या आल्या माझा हात धरला आणि विचारलं, "तुमी काय इचार करत व्हता ओ माझ्याबद्दल? मी तर रोज म्हनायची, ती बाई नीट जेवत आसंल ना." मी मनातल्या मनात त्यांच्या नवऱ्याला दारूडा ठरवून बसले होते, ते काही बोलले नाही.

सासूबाईंनी पिशवीतून खण, नारळ आणि गहू काढले. मला पत्ताच नव्हता. कँटीनच्या टेबलावरचे चहाचे कप सरकवून त्यांनी ताईंची ओटी भरली, कुंकू लावलं आणि त्यांना विहीणबाई म्हणाल्या. बाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. ताई गंभीर झाल्या, पदर पसरून त्यांनी ओटी घेतली आणि वाकून सासूबाईंच्या पाया पडल्या. दादा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मंग आजपासून आपन सोयरे बरं का, राव." सगळे हसलो. मीही हसले. सासूबाईंनी आपल्या भीतीवर त्यांना येत होता तो इलाज केला होता. किडन्या परक्या घरी द्यायच्या नाहीत ना, मग ते घर आधी आपलं करून घ्यायचं.

अशा ऑपरेशनांना परवानगी देणारी एक समिती असते. कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही ना, काही व्यवहार ठरलेला नाही ना, हे बघतात. एकेकाला आत बोलावतात आणि सगळं कॅमेऱ्यावर घेतात. आमच्या कागदांत, दोघांच्याही प्रतिज्ञापत्रांत, स्पष्ट लिहिलं होतं की दोन कुटुंबांमध्ये कोणतंही नातं नाही आणि पूर्वीची ओळख नाही. दादांना आत विचारलं, "या कुटुंबाचं आणि तुमचं नातं काय?"

दादा म्हणाले, "सोयरे हायेत आमचे."

हे आम्हाला नंतर दादांनीच सांगितलं. विचारणारे साहेब कुठल्यातरी गावाकडचेच असणार, कारण त्यांनी लगेच पेन खाली ठेवलं. सोयरे म्हणजे लग्नाचं नातं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "कुणाची मुलगी कुणाकडे दिलीय?" दादा गडबडले. म्हणाले, "मुलगी न्हाई साहेब, तसं न्हाई, साटंलोटं हाय आमचं." झालं. बाहेर बसलेल्या सासूबाईंना बोलावणं आलं. घरातलं मोठं माणूस म्हणून. त्या आत गेल्या आणि त्यांनी ठणकावून सांगितलं, "सोयरेच की. म्या सोता वटी भरलीया. मी काय खोटं बोलायले का?"

फाइल बाजूला ठेवली गेली. कागद एक सांगतात, माणसं दुसरंच सांगतात, तर नवी प्रतिज्ञापत्रं आणा, दोन्ही घरांत सोयरीक नसल्याचे तलाठ्याचे दाखले आणा, आणि पुढच्या बैठकीला या. मला साहेबांचा रागसुद्धा धड करता येईना. त्यांच्या जागी मी असते तर मीही हा माल लाल क्रेटमध्येच टाकला असता.

पुढची बैठक तीन आठवड्यांनी होती. त्यात दुसऱ्याच आठवड्यात नवऱ्याला डायलिसिसच्या नळीतून संसर्ग झाला. हुडहुडी भरून ताप, पलंग हलत होता. आयसीयूत घेतलं. बाहेरच्या बाकावर सासूबाई जपमाळ ओढत बसल्या होत्या आणि मला ती माळ बघूनच तिडीक गेली. मी म्हटलं, "तुमच्या त्या ओटीपायी तुमचा मुलगा जाणार." लोकांसमोर म्हटलं. त्यांनी माळ पिशवीत ठेवली. पाच दिवस आम्ही त्याच बाकावर बसलो, त्याच डब्यातलं जेवलो, आणि त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी माफी मागायला हवी होती. नाही मागितली. ताप उतरला त्या दिवशी त्यांनीच विचारलं, "चहा घेतीस का?" मी घेते म्हटलं. माफी राहिली ती राहिलीच, आणि तिची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या बैठकीला साहेबांनी मलाच विचारलं, "नक्की काय आहे ते तुम्ही सांगा. सोयरे आहात की नाही?"

मी सकाळपासून उत्तर घोकत होते, ते विसरले. म्हटलं, "साहेब, आमच्यात आपलं माणूस ज्यांच्याकडे दिलं ते सोयरे. आम्ही अजून काही दिलेलं नाही आणि घेतलेलंही नाही. तुम्ही सही केलीत तर होऊ. आज नाही."

ते हसले नाहीत. समितीतल्या दुसऱ्या एक मॅडम मात्र हसल्या. चार दिवसांनी परवानगी आली.

ऑपरेशनचं काय सांगू, मला भूल होती. सकाळी आम्हा दोघींना शेजारशेजारच्या स्ट्रेचरवर ठेवलं होतं तेवढं आठवतं. ताई म्हणाल्या, "माझी डावी काढनार हायेत. तुमची?" म्हटलं, "डावीच." त्या म्हणाल्या, "मंग बराबर." जाग आली तेव्हा पोटाच्या खालच्या भागात चटके बसत होते आणि नर्स सांगत होती की माझ्या नवऱ्याला टेबलावरच लघवी सुरू झाली. लघवी ऐकून इतका आनंद होतो हे त्याआधी मला माहीत नव्हतं.

तिकडे दादांना माझी किडनी लगेच लागू पडली नाही. झोपून राहिली, डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. त्यांना आणखी दोन-तीनदा डायलिसिस करावं लागलं. मी सलाइनचा स्टँड ढकलत त्यांच्या काचेबाहेर जाऊन उभी राहायची, आपल्या मुलाचा निकाल बघायला आलेल्या आईसारखी. दहाव्या दिवशी ती सुरू झाली. सासूबाईंनी सगळ्या वॉर्डात पेढे वाटायला घेतले, सिस्टरांनी ओरडून त्यांना खाली पाठवलं.

दीड वर्ष चांगलं गेलं. सणाला येणंजाणं व्हायचं, ताईंकडून इंद्रायणी तांदूळ यायचा. नवरा डे शिफ्टला परत लागला. मग दादांच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायची घाण, वाढायला लागलं. सुईने तुकडा काढून तपासला. रिजेक्शन, असं ताईंनी फोनवर सांगितलं. हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारते, रजिस्टरमध्ये लिहिते. त्या दिवशी मात्र मला तो माझ्याबद्दलचा वाटला. गोळ्या वाढवल्या, सलाइनमधून औषधं दिली, काही उपयोग झाला नाही. दादा पुन्हा डायलिसिसवर गेले आणि त्यांचं नाव त्या लांबलचक यादीत लागलं.

आणि मी त्यांच्याकडे जायचं थांबवलं. ताईंचा फोन वाजला की कंपनीत आहे म्हणायचे. ताईंची किडनी माझ्या घरात ठणठणीत चालली होती आणि माझी त्यांच्या घरात बंद पडली होती. डॉक्टर म्हणाले, तुमच्या किडनीत दोष नव्हता, शरीराने स्वीकारली नाही. मला ते पटत होतं आणि उपयोगाचं नव्हतं. दोन महिने असे काढले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "लपून कायला बसायचं? आपलं मानूस तिथं पडलंय. चला." आपलं माणूस म्हणजे दादा, की माझी किडनी, हे मी विचारलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही तिघं निघोज्याला गेलो. दादा पडवीत खुर्चीवर बसले होते. हाताला पट्टी, चेहरा सुजलेला. ताई माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या, त्यानेच मला जास्त त्रास झाला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "दादा, माझी किडनी..."

दादा म्हणाले, "वैनी, तिला नावं ठिवू नका. दीड वरीस चांगली नांदली आमच्यात."

मला रडू आवरेना. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

ताई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तो माझ्या नवऱ्यापुढे धरला. त्याने घेतला नाही. डायलिसिसवरच्या माणसाला लघवी फारशी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून त्याला ते मोजून मिळतं, चहा आणि वरण धरून दिवसाला जेमतेम लिटरभर. उन्हाळ्यात हे लोक बर्फाचा खडा चघळून दिवस काढतात. नवी किडनी बसलेल्याचं उलट, त्याने भरपूर प्यायलाच हवं. नवऱ्याने ती तहान काढलेली होती. दादांसमोर त्याच्या घशाखाली घोट उतरला नसता. "नको ताई, तहान नाही," तो म्हणाला.

"खोटं नगा बोलू," दादा म्हणाले. "ती आमच्या घरची हाय. तिला तहानलेली ठिवायची न्हाई."

नवऱ्याने तांब्या घेतला. तोंडाला लावला आणि न थांबता प्यायला. दादा खुर्चीत पुढे सरकून त्याच्या गळ्याकडे बघत होते, घोट खाली जाताना स्वतःही गिळत होते. तांब्या रिकामा झाला. दादांनी ओठ पुसले आणि बायकोला म्हणाले, "अजून एक आन गं."